उरलेलं मटण, कालचा भात : सोमवारचा वाडगा तुमच्याकडे कसा होतो?

रविवारच्या मटणाचं सोमवारी पातेल्यात काय उरतं? आमच्याकडे चार फोडी आणि तळाशी घट्ट रस्सा. बटाटा कुणीतरी आधीच पळवलेला. तिघांना पोळीशी पुरत नाही, टाकवत तर मुळीच नाही. लोकलमधून उतरून आठ वाजता घरी आल्यावर नवं रांधायचं त्राण नसतं. मग कालचा भात, हे मटण आणि फ्रीजमधली असेल ती भाजी एकाच कढईत. वाडग्यातच खायचं, ताटं घासायला नकोत. तुमचं सांगा. कृती नको, घडलेलं हवं. बिघडलेलं असेल तर आधी.

गिरगाव : बिघडलेलंच सांगते. एकदा कुकरमधला गरम भात तसाच घातला, वाडा कोलमचा. चिकनबरोबर परतता परतता त्याचा गुरगुट्या झाला. फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेला दाणा ताठ होतो, म्हणून सुटा राहतो. आता ओल्या हाताने ढेकळं आधीच फोडून घेते. कढईत उलथन्याने फोडायला गेलं की शितं मोडतात.

लालबाग : आमच्या सुक्यात भाजक्या खोबऱ्याचं वाटण असतं, ते मोठ्या आचेवर लगेच करपतं. म्हणून फरसबी, कोबी आधी चटचट परतून बाजूला काढतो. मग मटण मंद आचेवर, पाण्याचा हबका मारून. हाडं काढलेली बरी. मीठ अगदी शेवटी, चाखून. मटणात ते असतंच, भातातही असतं. तीनदा खारट खाल्ल्यावर डोक्यात शिरलं.

अंधेरी : रूमवर आम्ही तिघं. शेजवान चटणी, विषय संपला. शुक्रवारी आत चिकन होतं की पनीर, यावर अजून वाद चालू आहे.

मुलुंड : सगळे चवीचं बोलताय, मी पोटाचं बोलते. मे महिन्यात भात रात्रभर ओट्यावर राहिला. सकाळी वास नाही, चव ठीक, म्हणून फोडणीला टाकला. दुपारपर्यंत मी आणि नवरा आळीपाळीने आत-बाहेर. डॉक्टर म्हणाले, तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की जंतू वाढतात आणि एकदा विष तयार झालं की कितीही परता, ते जात नाही. आता जेवणं उरकली की भात परातीत पसरून पंख्याखाली गार करते आणि तासाभरात फ्रीजमध्ये ढकलते. दुसऱ्या दिवशी संपला नाही तर टाकते, जीव तुटला तरी. मटणही लागेल तेवढंच काढून, वाफा येईपर्यंत गरम करते.

दादर : आमचा वाडगा वर्षातून एकदाच खरा रंगतो, गटारीच्या रात्री. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, घरात मांसाचा कण चालत नाही. तिथी कधी लागते ते पंचांग जाणे, सासूबाईंच्या घड्याळात श्रावण रात्री बारालाच लागतो. साडेदहाला कढई चढते. दुपारच्या चिकनचा रस्सा, मटार, गाजर, भात. उरलेली कोलंबी सगळ्यात शेवटी, गरम होण्यापुरतीच, नाहीतर रबर. पावणेबाराला सासूबाईंची हाक येते, "अगं, कढईसुद्धा घासून टाक."

परळ : वांग्याची भाजी घातली होती. घालू नका.