हॅमर बसवायचा तर नुसतं काँक्रीट ओतून भागतं का?

शिरोलीकर: १ टनाचा जुना फोर्जिंग हॅमर (तापलेलं लोखंड ठोकून घडवायचं मशीन) घेतलाय, शेड कोल्हापूरजवळ शिरोलीत. मिस्त्री म्हणतोय आठ फूट खड्डा काढू, सळी टाकू, काँक्रीट ओतू, विषय संपला. मला हे अजिबात पटत न्हाई. आपल्याकडं वर काळी माती, पावसाळ्यात फुगती आणि उन्हाळ्यात भेगा पडत्यात, त्यात २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलेलं सगळ्यांनी बघितलंय. आधीच्या शेडमधी पॉवर प्रेस असाच बसवला होता, दुसऱ्या पावसाळ्यात एका अंगाला कलला, बोल्ट ढिले, डायची (साच्याची) वाट लागली. माझं मत, आधी सॉइल टेस्ट, मग डिझाइन, मग खड्डा. तुमचं बोला.

उद्यमनगर_जुना: भावा, आमच्या उद्यमनगरात अशे हॅमर पंचवीस पंचवीस वर्षं चाललेत, कुणी टेस्ट केल्या? वजन पाहिजे वजन. जेवढा खालचा काँक्रीटचा ब्लॉक जड तेवढं मशीन गप बसतंय. मुरूम लागेपर्यंत खोद आणि भर. रिपोर्टला घालवायचे पैसे सिमेंटमधी घाल, डिझाइनर दुप्पट सळी सांगून मोकळा होतोय.

सिव्हिलवाला_गोकुळ: काका, मुरूमापर्यंत जायचं हे शंभर टक्के बरोबर. पण मुरूम किती खाली आणि किती घट्ट हेच तर टेस्ट सांगत्या. आणि वजनाचं म्हणाल तर ६०० आरपीएमचा कॉम्प्रेसर धरा, म्हणजे सेकंदाला १० फेरे. ब्लॉक आणि खालची माती मिळून त्यांची स्वतःची एक हलायची गती असती, ती या १० च्या जवळ आली की सगळं थरथरतंय. ती १० च्या वर असंल आणि तुम्ही नुसतं वजन वाढवलं तर ती खाली उतरती आणि थेट १० च्या जवळ येती! म्हणजे पैसे घालून त्रास वाढवला. हॅमरचं तर वेगळंच, तिथं फेरे न्हाईत, धक्का हाय. म्हणून मशीनच्या पायाचं भारतीय मानक हाय, आयएस २९७४, त्यामधी हॅमरला वेगळा भाग दिलाय, भाग २. ऐरणीखाली लाकडाचे पॅड देतात ते पण धक्का खायलाच, ते कुजले की ऐरण खाली बसती, मग कितीबी काँक्रीट असू दे.

उद्यमनगर_जुना: लाकडाचं मान्य. आम्ही पॅड बदलतोच. पण एवढं गणित बारक्या शेडवाल्यानं कुठून करायचं, कर्ज काढून मशीन घेतंय ते पोरगं.

व्हीएमसी_कागल: मी शेजाऱ्याच्या बाजूनं बोलतो. आमच्या शेजारी हॅमर आला आणि आमच्या बोअरिंगमधी (मशीनवर भोक मापात कापायच्या कामात) साइज हलायला लागली, दोन महिने आम्ही आमच्या मशीनच्या स्पिंडललाच (फिरत्या दांड्यालाच) दोष देत बसलो. नंतर कळालं की हॅमरचा ब्लॉक आणि शेडच्या कॉलमचं फुटिंग (पाया) एकाला एक चिकटवून ओतलंय. मधी गॅप ठेवून थर्माकोल भरला असता तर धक्का एवढा आलाच नसता. माझं म्हणणं, ब्लॉकखाली स्प्रिंग घाला सरळ. टेस्ट बिस्ट सगळं त्याच्यापुढं दुय्यम.

सिव्हिलवाला_गोकुळ: दुय्यम कसं? स्प्रिंगखालचा खड्डासुद्धा मातीवरच बसतोय ना. आणि पुराच्या पट्ट्यात खड्ड्यात पाणी साचलं तर स्प्रिंग गंजणार, पाणी काढायची सोय आधी करा. एका हॅमरला माझ्या मते स्प्रिंग नको, गॅप मात्र सोडायचाच. आणि ब्लॉक एका दमात ओता, आज अर्धा उद्या अर्धा केलं तर जोडावर चीर जात्या.

शिरोलीकर: मिस्त्री दोन दिवसांत ओतू म्हणत होता, ते बंद. काका, कर्जाचं म्हणालात ते खरंय, पण कललेली प्रेस परत उचलून बसवताना किती गेले ते मी भोगलंय, म्हणून टेस्ट करणारच. स्प्रिंगचं अजून ठरवलं न्हाई, शेजारी ग्राइंडिंगवाला हाय, त्याच्याशी आधी बोलतो. सोमवारी बोअर मारायला घेतोय, मुरूम किती फुटावर लागला ते इथंच टाकतो.