फेरफार सापडेना! लॅपटॉपमधला पसारा कसा आवरू?

कऱ्हाडची_लेक
नमस्कार मंडळी. बाबा मार्चमध्ये गेले. थोरली मीच, म्हणून शेतीचे, बँकेचे, दवाखान्याचे सगळे कागद माझ्या लॅपटॉपवर आलेत. गेल्या सोमवारी वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात गेलो होतो. भाऊसाहेबांनी वाटणीचा जुना फेरफार मागितला आणि मला तो काही केल्या सापडेना. डाउनलोड्समध्ये एकाच सातबाऱ्याच्या सहा प्रती, पुढे कंसात १, २, ३. मागे रांग खोळंबलेली. शेवटी तसेच परत आलो. रात्री तो फेरफार 'डॉक्युमेंट (१४)' या नावाखाली निघाला. आई एवढंच म्हणाली, "ह्यांच्या ट्रंकेत हात घातला की मिळायचं गं." ते फार लागलं मला.

लॅपटॉप २५६ जीबीचा आहे, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय, डेस्कटॉपवर बोट ठेवायला जागा नाही. चुलतभाऊ म्हणतो, सरळ फॉरमॅट मार. सुरुवात कुठून करू?

जुना_डीटीपीवाला
ताई, फॉरमॅटचं नावही काढू नका. जागा मोकळी होईल, पण कागदही जातील.

कोल्हापुरात माझं २२ वर्षं डीटीपीचं दुकान होतं. दोन वर्षांनी गिऱ्हाईक दारात उभं राहायचं, "थोरल्या पोरीची पत्रिका काढा, धाकटीचं नाव घाला." त्यामुळे जुनी फाईल सापडणं हेच आमचं पोट. तुमच्या बाबांच्या ट्रंकेत पटकन का मिळायचं? कागद आत ठेवतानाच ते त्याला जागा देत असणार, पुडक्यावर काहीतरी लिहीत असणार. आपण सेव्ह दाबतो आणि साइट देईल ते नाव पत्करतो. घोटाळा तिथेच होतो.

नाव असं द्या: '२०१९-०६-१२ फेरफार गट २१४ वाटणी'. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे नावाप्रमाणे लावलं की कागद आपोआप तारखेने लागतात. सातबारा अक्षरांतच लिहा, कारण ७ आणि १२ मधली तिरकी रेघ विंडोज फाईलच्या नावात घेत नाही. आणि शब्द एकच धरा. आज सातबारा, उद्या नुसतं 'उतारा' असं लिहिलंत तर शोधायच्या चौकटीत निम्मेच कागद येतील.

फोल्डर मोजके ठेवा: शेती, बँक, दवाखाना, घर, फोटो. शेतीच्या आत गट नंबर, बस्स. त्याहून खोल गेलात की ठेवणाऱ्यालाच आठवत नाही.

साठलेला ढीग एका बैठकीत उपसायला जाऊ नका. 'जुने डाउनलोड' असा एक फोल्डर करा, सगळं त्यात ढकला. ज्या कागदाचं काम पडेल तो नाव देऊन बाहेर काढा. वारस नोंदीचे कागद मात्र आजच काढा.

आणि एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती दुसऱ्या घरी ठेवा. २०११ साली माझी डिस्क बसली, तेव्हा यात्रेच्या स्मरणिकेची ९६ पानं गेली. मी आणि बायकोने पुन्हा टाइप केली, अकरा रात्री.

मोगरा७
काकांशी सहमत. जागेबद्दल थोडं: डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो, त्यामुळे तिथून डॉक्युमेंट्समध्ये हलवून जागा होत नाही. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे जाऊन टेम्पररी फाइल्स काढा. पण तिथल्या यादीत डाउनलोड्सचीही चौकट असते. त्यावर खूण नाही ना, हे दोनदा बघा! रीसायकल बिन रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

पाटलांचा_संदीप
जुना_डीटीपीवाला काका, आमच्या आजोबांची भजनं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. टाकून द्यायची का?

जुना_डीटीपीवाला
अजिबात नाही! ती अक्षरं मराठीच आहेत. जुन्या फॉन्टमध्ये मराठी वळणं इंग्रजी अक्षरांच्या घरात बसवलेली असायची. तो फॉन्ट मशीनवर नसला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जिथे टाइप केलं त्या संगणकावरून फॉन्ट मिळवा, फाईलशेजारीच ठेवा, फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या. मग निवांतपणे युनिकोडमध्ये आणा, म्हणजे तो खास फॉन्ट नसला तरी मराठी मराठीच दिसेल.

कऱ्हाडची_लेक
काका, मोगराताई, मनापासून आभार. तीन रात्री बसले. शेतीचे ४१ कागद नावं देऊन लागले, फेरफार भाऊसाहेबांना दाखवून झाला. प्रत धाकट्या भावाकडे पुण्याला पाठवतेय.

आता बाबांचे फोटो उरलेत. बरेच नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. नावात २०२५ ची तारीख आहे, पण फोटोत बाबांचे केस काळे आहेत. तारीख कोणती घालू?

जुना_डीटीपीवाला
नावातली तारीख फोटो पाठवल्याची, काढल्याची नव्हे. मूळ तारीख व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना गळून जाते. आईंना शेजारी बसवा. दिवस नाही सांगता आला तर नुसतं वर्ष लिहा, तेही नसेल तर 'विहीर खोदली तेव्हा' असं लिहा. फोटोत मागे कोण उभं आहे तेही आत्ताच विचारून घ्या.