मदत हवी आहे : कामगार नुकसानभरपाईच्या बदललेल्या कायद्याच्या अभ्यासासाठी निधी कुठून उभा करावा?

नमस्कार,

मी रत्नागिरीत वकिली करतो आणि कामावरील अपघातांचे नुकसानभरपाईचे दावे चालवतो. येथील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यासोबत मला दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर एक छोटा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी पैसा कुठून मागावा, याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला गेला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, संहितेने भरपाईच्या कक्षेत आणला आहे. त्याआधी जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात जुन्या कायद्याचाही असाच अर्थ लावला होता. पहाटे पिकअपच्या हौद्यात उभे राहून आंब्याच्या बागेत जाणाऱ्या गड्यांसाठी हा बदल मोठा आहे, निदान कागदावर तरी.

आमच्याकडे दावा अडतो तो मात्र पगाराच्या पुराव्यावर. जुन्या कायद्याप्रमाणे 30 वर्षांचा कामगार दगावला, तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला 207.98 ने गुणतात आणि 3 जानेवारी 2020 पासून हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा 15,000 रुपये आहे. म्हणजे पूर्ण वेतन सिद्ध झाल्यास भरपाई 15,59,850 रुपये होते. मालकाने 8,000 रुपयेच पगार होता असे पटवून दिले, की तीच 8,31,920 रुपयांवर येते. बोटीवरच्या खलाशाला हंगामाच्या तोंडावर उचल मिळते, पुढे मासळीतला वाटा मिळतो आणि जेवणखाण बोटीवरच होते. शेठच्या वहीत बहुधा उचलीचाच आकडा असतो आणि अपघातानंतर ती वहीही सहसा न्यायालयात येत नाही. संहितेतील वेतनाच्या नव्या व्याख्येत हा वाटा कसा धरला जातो आणि त्याने प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम बदलते का, हा आमच्या अभ्यासाचा गाभा आहे.

हे काम आताच करण्याचे कारण असे, की जुन्या कायद्याखालचे दावे अजून सुरू आहेत आणि संहितेखालचे दावे येऊ लागतील; दोन्हींची तुलना पुढची काही वर्षेच करता येईल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची अपिले 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जात असल्याने तेथील कागदपत्रेही पाहावी लागतील. नकलांचे शुल्क, प्रवास आणि एक आंबा हंगाम व एक मासेमारी हंगाम फिरणारे दोन सर्वेक्षक, असा खर्च आम्ही चार लाखांच्या आसपास धरला आहे. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये, या बार कौन्सिलच्या नियमाबाबत शंकेला जागा नको म्हणून मी स्वतः मानधन घेणार नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्ग अनेकांनी सुचवला. परंतु ज्या कंपन्या उद्या माझ्यासमोर प्रतिवादी म्हणून उभ्या राहणार, त्यांच्या पैशावर काढलेले निष्कर्ष कोणी मानणार नाही. विमा कंपन्यांचेही तेच. कामगार संघटनेचा पैसा घेतला, तर मालकवर्ग अहवाल उघडूनही पाहणार नाही. म्हणून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे अर्ज करावा, असे आमचे मत बनत आहे.

आता प्रश्न. परिषदेचे अनुदान मान्यताप्राप्त संस्थेमार्फत येते, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयामार्फत अर्ज करून ते मिळाल्याचा कोणाला अनुभव आहे का, की विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसराला सोबत घेणे श्रेयस्कर ठरेल? सहसंशोधक वकील असल्यास छाननी समिती आक्षेप घेते का? व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेसोबत बाहेरच्या संशोधकांना काम करता येते का, आणि तेथे पहिला पत्रव्यवहार कोणत्या विभागाशी करावा? मृत कामगारांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घ्यायच्या असल्याने संमतीपत्राचा मराठी नमुना कोणाकडे असल्यास तोही हवा आहे. दाव्याचा निकाल लागायचा असताना घेतलेली मुलाखत विरुद्ध पक्षाने न्यायालयात मागवली, तर काय करायचे, याची तरतूद त्यात असल्यास फार उपयोग होईल.