जुन्या प्रतवारीतील आण्यांचा अर्थ काय?

प्रश्न (खानापूर तालुका): आमच्या लाल मातीच्या शेताची जुन्या कागदांतील प्रत 6 आणे आहे, तर निपाणीकडील पाहुण्यांच्या काळ्या रानाची 14 आणे. हे आणे म्हणजे सरकारी साऱ्याचा दर समजावा काय?

उत्तर 1: नाही. 16 आणे म्हणजे सर्वोत्तम जमीन, या मानाने ठरवलेली ती सापेक्ष प्रत आहे. 1835च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेल्या व 1847च्या संयुक्त अहवालाने पक्क्या झालेल्या मुंबई इलाख्याच्या पद्धतीत मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले जात. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी माती 16 आणे. चुनखडीचे खडे, वाळू किंवा उतार असा दोष आढळला, की जमीन एक वर्ग खाली उतरे. त्याआधीच्या प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोजणीत निव्वळ उत्पन्नाचा अंदाज काढत बसले आणि ती फसली. त्यामानाने हात घालून माती तपासणे मला शहाणपणाचे वाटते.

उत्तर 2: दर वेगळा ठरे. हवामान, बाजारपेठेची जवळीक इत्यादी पाहून गावांच्या गटाला कमाल दर लावीत आणि प्रतीच्या प्रमाणात तो कमी करीत, म्हणून 6 आण्यांवरून आकार (साऱ्याची रक्कम) थेट निघत नाही.

उत्तर 3: आणे क्षेत्राच्या रकान्यात असतील, तर मात्र तो गुंठ्याचा सोळावा भाग होय. रकाना आधी पाहावा.