मसाल्याच्या पुडीवरचं आमचं नाव दुसऱ्याने उचललंय, काय करावं?

अमळनेरची मसालेवाली:
नमस्कार मंडळी. 2014 पासून सासूबाई आणि मी घरी काळा मसाला करून विकतो. मिरची नंदुरबारची. पुडीवर सासूबाईंना माहेरी ज्या नावाने हाक मारायचे ते नाव, खाली ‘खान्देशी काळा मसाला’, आणि जात्यावर बसलेल्या बाईचं चित्र, नणंदेने काढलेलं. पोळ्याच्या आधी पारोळ्याला एका दुकानात तेच नाव, तीच बाई, फक्त पदराचा रंग वेगळा, अशी पुडी दिसली. दुकानदार मला म्हणतो, “ताई, या वेळी तुमचा मसाला फिका निघाला.” तो आमचा नव्हताच हो! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शॉप अ‍ॅक्ट आणि फूड लायसन्स आहे आमच्याकडे. तेवढ्याने नाव आमचं होतं का?

फैजपूरचा वेफर्सवाला:
ताई, नाही होत. मीबी कितीतरी वर्षं त्याच भ्रमात होतो. नावाचा हक्क ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाची ओळख असलेल्या नावा-चिन्हाचा, त्याचा कायदा वेगळा, 1999 चा.

माझं सांगतो. पहिला अर्ज मी ‘जळगाव केळी वेफर्स’ या नावाने केला. आक्षेप आला की हे नाव फक्त गाव आणि माल सांगतं, कलम 9 खाली चालत नाही. तेव्हा राग आला, आता पटतं. उद्या रावेरच्या पोराने जळगावच्या केळीचे वेफर्स तळले तर पुडीवर त्याने लिहायचं काय? म्हणून तुम्ही ‘खान्देशी काळा मसाला’ यावर हक्क मागू नका, ते शब्द सगळ्यांचे. जोर द्यायचा तो हाकेच्या नावावर आणि चित्रावर. जमलं तर नावाचा आणि चित्राचा अर्ज वेगळा करा.

दुसऱ्या अर्जात त्याहून मोठी चूक केली. ‘केव्हापासून वापरता’ असं विचारतात, तिथे घाईत ‘पुढे वापरणार’ असं भरलं. पाच वर्षं एसटी स्टँडवर खपवलेला माल कागदावर शून्य झाला. तुम्ही 2014 लिहा, पण त्याला शपथपत्र आणि जुनी बिलं जोडावी लागतात. अर्जात मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाला वर्ग 30 मध्ये येतो. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन एका वर्गाचे 4,500 रुपये. आक्षेप आलाच तर उत्तराला 30 दिवस, ते चुकवू नका.

धुळ्याची वकील:
नोंदणी नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. कलम 27 प्रमाणे उल्लंघनाचा दावा लावता येणार नाही, पण ‘पासिंग ऑफ’चा येतो, म्हणजे स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा. त्यात तीन गोष्टी दाखवायच्या: तुमच्या नावाला बाजारात पत आहे, गिऱ्हाईक फसतंय, आणि त्यात तुमचं नुकसान आहे. दुकानदाराचं ते ‘फिका निघाला’ सोन्यासारखं आहे. त्याच्याकडून लेखी घ्या, ती पुडी बिलासकट विकत घ्या.

त्याने आधीच अर्ज केलाय का, ते ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं. त्याचा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे अर्ज जाहीर करणाऱ्या सरकारी पत्रिकेत, छापून आल्यापासून 4 महिन्यांत विरोध नोंदवता येतो. त्याला नोंदणी मिळाली तरी आधीपासून वापरणाऱ्याला कलम 34 वाचवतं. पुडीवर ‘टीएम’, म्हणजे ट्रेडमार्क, ही खूण आजपासून छापा. वर्तुळातला ‘आर’, म्हणजे नोंदणीकृत, ही खूण मात्र नोंदणी झाल्याशिवाय नाही, त्याला दंड होतो.

अमळनेरची मसालेवाली:
शोधून पाहिलं, त्याचा अर्ज दिसत नाही. पत्र्याच्या पेटीत 2014 चं लेबल छापल्याचं बिल सापडलं, हळदीचे डाग पडलेलं. सखाराम महाराजांच्या यात्रेतल्या स्टॉलची 2016 ची पावतीही आहे. पण छपाईचं बिल दिरांच्या नावावर आहे. छापखान्यात तेच जायचे. चालेल का?

धुळ्याची वकील:
चालेल. जसं घडलं तसंच शपथपत्रात लिहा, दिरांचंही जोडा. लपवलंत तर पुढे उलटतपासणीत तेच बिल तुमच्यावर उलटेल. आणि अर्ज कुणाच्या नावे करायचा हे आजच घरात ठरवा. नोंद त्याच नावाने होते आणि अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं चालते, मग नूतनीकरण.

अमळनेरची मसालेवाली:
ठरलं. सासूबाईंच्या नावे. त्या सही करायला शिकल्या ते याच धंद्यासाठी, बँकेत खातं उघडताना.