इन, ऑन की ॲट? तुमचे अनुभव लिहा

इंग्रजीतल्या प्रीपोझिशनचे, म्हणजे इन, ऑन, ॲट अशा शब्दांचे, तक्ते सगळ्यांनीच पाठ केलेले असतात, पण घाईत ईमेल लिहिताना तक्ता आठवत नाही. तुम्ही कुठे अडता, दुसऱ्याला कसं समजावता, कुठे गंमत झाली, ते इथे सांगा. नियमांची जंत्री नको, घडलेलं लिहा.

*

माझं काम ग्राहकांना कामाच्या तारखा कळवण्याचं. आमच्याकडे सगळ्यात महागात पडते ती बाय आणि टिलची जोडी, कारण मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’च. ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ म्हणजे ती शेवटची मुदत, आधी कधीही पाठवलं तरी चालतं. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ म्हणजे तोवर थांबून राहायचं. एका सहकाऱ्याने ‘वी विल फिक्स इट टिल फ्रायडे’ असं कळवलं. समोरून विचारणा आली, शुक्रवारनंतर दुरुस्ती बंद करणार का? आता नव्या माणसाला मी एवढंच विचारते: काम एकदा होऊन संपतं की तोवर चालू राहतं? संपत असेल तर बाय, चालू राहत असेल तर टिल. तरी ‘बाय फ्रायडे’त शुक्रवार धरायचा का यावर वाद होतातच, म्हणून सरळ वेळ टाकायची: बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे.

*

वरच्याला जोड. ‘पासून’चंही तेच. ‘सोमवारपासून’ला सिन्स मंडे, ‘तीन दिवसांपासून’ला फॉर थ्री डेज. कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स, किती काळ चाललंय ते सांगायचं तर फॉर.

*

मी शिकवते. कारला इन आणि बसला ऑन का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. ज्यात उभं राहून चार पावलं टाकता येतात तिथे ऑन: बस, ट्रेन, विमान, जहाज. वाकून शिरावं लागतं तिथे इन: कार, टॅक्सी. उतरतानाही तोच हिशोब, बसमधून गेट ऑफ, कारमधून गेट आउट. एका मुलाने लगेच सायकल पुढे केली! सायकलवर आणि घोड्यावर आपण खरोखरच वर बसतो, म्हणून ऑन. कोपऱ्याचं मला सगळ्यात आवडतं: खोलीचा कोपरा आतून दिसतो, म्हणून इन द कॉर्नर, रस्त्याचा बाहेरून, म्हणून ऑन किंवा ॲट द कॉर्नर.

*

ही चित्रं जागेपुरती ठीक आहेत हो. गुड ॲट, अफ्रेड ऑफ, डिपेंड ऑन यांत कसलं चित्र काढणार? आपण ‘माझ्यावर रागावला’ म्हणतो, म्हणून अँग्री ऑन मी होतं, खरं तर विथ हवं. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून मॅरीड विथ, हवं टू. ‘बसपेक्षा ट्रेन बरी’ म्हणून प्रिफर ट्रेन दॅन बस, तिथेही टूच. मी शब्द एकटा पाठ करतच नाही, वहीत जोडीनेच उतरवतो. कंटाळवाणं आहे, पण टिकतं.

*

मजकूर तपासायचं काम करते. माझा निम्मा वेळ जादाची प्रीपोझिशन काढण्यात जातो. डिस्कस अबाउट, एंटर इनटू द रूम, रीच टू द स्टेशन, गो टू होम, ऑन नेक्स्ट मंडे: सगळीकडे प्रीपोझिशन उडवा. गोंधळ नामामुळे होतो. अ डिस्कशन अबाउट बरोबर, अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह बरोबर, पण तेच शब्द क्रियापद झाले की अबाउट आणि फॉर गळतात.

उलट, वाक्य प्रीपोझिशनने संपलं म्हणून घाबरणारेही भेटतात. इंग्रजी कवी ड्रायडनने 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनला त्यावरून नावं ठेवली होती, पण ‘हू आर यू टॉकिंग टू’ आज कुणालाही खटकत नाही. मी तरी हात लावत नाही.

*

मुलीने निबंधात लिहिलं, आजोबा ‘थ्रू द बॉल ॲट मी’. बाईंनी तिला बाजूला घेऊन काळजीने चौकशी केली. टू म्हणजे झेलायला, ॲट म्हणजे मारायला! शाउटचंही तसंच: लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून टू, रागाने ओरडलात तर ॲट.

*

माझे एक साहेब ब्रिटिश, एक अमेरिकन. पहिल्यांना ॲट द वीकेंड, दुसऱ्यांना ऑन द वीकेंड. एकाचा फॉर्म फिल इन होतो, दुसऱ्याचा फिल आउट. दोघांनाही चालतं ते डिफरंट फ्रॉम, तेवढं मी निर्धास्त वापरतो.

*

ऑन टाइम आणि इन टाइम यांत फरक काय, कुणी सांगेल का?

*

ठरल्या वेळेला, ते ऑन टाइम. उशीर व्हायच्या आत, ते इन टाइम. काल आमची गाडी ऑन टाइम सुटली, आम्ही इन टाइम पोचलो नाही.