क्रिस क्रिस्टोफरसन म्हणे वशिल्याने मोठा झाला

रानवारा:
परवा एकाने ठोकून दिलं की क्रिस्टोफरसन, अमेरिकेतला कंट्री गीतकार-गायक, म्हणजे मुळात सिनेमातला देखणा हिरो, गाणी हा जोडधंदा, आणि बडा कंट्री गायक जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवलं म्हणून नशीब फळफळलं, बाकी सगळा ओळखीपाळखीचा खेळ. तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

ओळखीच वापरायच्या असत्या तर या माणसाला नॅशविलला, म्हणजे कंट्री संगीताच्या गावाला, यायची गरजच नव्हती. ऱ्होड्स ही मानाची शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य शिकलेला, बाप हवाई दलात जनरल, स्वतः सैन्यात कॅप्टन आणि हेलिकॉप्टर पायलट. 1965 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नोकरी समोर ठेवलेली. ती सोडून पठ्ठ्या नॅशविलला आला, घरच्यांनी संबंध तोडले, आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडूपोछा, ॲशट्रे रिकामे करणं ही कामं केली. 1966 ला तिथे बॉब डिलन रेकॉर्डिंग करत होता आणि हा त्याच इमारतीत सफाई कामगार! पुढे पैशासाठी लुइझियानात तेलविहिरींवर माणसं ने-आण करायला हेलिकॉप्टर उडवायचा, एक आठवडा समुद्रात आणि एक आठवडा नॅशविलला गाणी घेऊन दारोदार. 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' तिथे तेलाच्या प्लॅटफॉर्मवर लिहिलंय. याला वशिला म्हणायचं?

स्पष्टवक्ता:
ते लिहिणारा मीच, आणि एक अक्षर मागे घेणार नाही. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगताय. नॅशविलला आला तेव्हा पहिली भेट कुणाशी? मॅरीजॉन विल्किन. 'लाँग ब्लॅक व्हेल' या गाजलेल्या गाण्याची सहलेखिका, गाण्यांचे हक्क सांभाळणारी स्वतःची पब्लिशिंग कंपनी असलेली बाई, आणि ती याच्या सैन्यातल्या सहकाऱ्याची नातेवाईक. करार तिनेच दिला. टेनेसीतल्या खेड्यातून खिशात चिठ्ठीही नसताना आलेल्या पोराला ते दार उघडलं असतं का? आणि झाडूपोछा हा त्याने निवडलेला होता हो, ज्याला पर्याय नसतो त्याच्या झाडूला कोणी रोमँटिक म्हणत नाही. त्याच शहरात ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाने डेफर्ड बेली या कृष्णवर्णीय कलाकाराला 1941 मध्ये काढून टाकलं, हार्मोनिकाचा बादशहा, नंतर बूटपॉलिश करून पोट भरलं त्याने. त्याच्यासाठी कुणाच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरणार होतं?

टेक्सासची वैनी:
हेलिकॉप्टरवरून दोघंही भांडताय म्हणून सांगते. एका हातात बिअर, दुसऱ्या हातात आपल्या गाण्यांची टेप घेऊन क्रिस उतरला, ही कॅशने सांगितलेली आवृत्ती. क्रिस स्वतः म्हणायचा की जॉन तेव्हा घरीच नव्हता. उतरला हे खरं, पण त्या उतरण्याने काही झालं नाही. क्रिसचं 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' आधी 1969 ला रे स्टीव्हन्सने गायलं होतं. कॅशने मग आपल्या टीव्ही शोमध्ये घेतलं, चॅनेलवाल्यांना त्यातला नशेचा शब्द नको होता, बदला म्हणाले, आणि त्याने रायमन ऑडिटोरियमच्या स्टेजवर जसं लिहिलं होतं तसंच गायलं. दुसऱ्याच्या एका शब्दासाठी चॅनेलशी पंगा घेणं, याला मी मैत्री म्हणते. 1970 चं सीएमएचं, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचं, साँग ऑफ द इयर तेच गाणं होतं.

डेफर्ड बेलीबद्दल स्पष्टवक्ता बरोबर आहेत, तिथे वाद नाही.

रानवारा:
वैनी, बेलीवर अन्याय झाला हे कोण नाकारतंय? पण त्याचं खापर क्रिसवर का? याची गाणी अल ग्रीनने गायली, ग्लॅडिस नाइटने गायली. रे प्राइस, सॅमी स्मिथ, जॅनिस जॉप्लिन, हे सगळे काय त्याच्या बापाला ओळखत होते? जॅनिसला 'मी अँड बॉबी मॅगी' शिकवलं तिचा मित्र बॉबी न्यूवर्थने. तिने रेकॉर्ड केलंय हे क्रिसला माहीतसुद्धा नव्हतं, ती गेल्यावर पहिल्यांदा ऐकलं. 4 ऑक्टोबर 1970 ला ती गेली आणि 1971 च्या मार्चमध्ये गाणं एक नंबरला. गाणंच पोचलं तिच्यापर्यंत, त्याला कुठली चिठ्ठी लागली नाही.

गावठी गिटार:
बॉबी मॅगीचा विषय काढलाच आहे तर फ्रेड फॉस्टरचं पण बोला ना. मॉन्युमेंट रेकॉर्ड्सचा मालक. त्याने काय केलं तर फोनवर एक नाव सुचवलं, गीतकार बूडलो ब्रायंटच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीचं, बॉबी मॅकी. क्रिसने ऐकलं मॅगी. झालं, एवढ्यावर गाण्याचा सहलेखक! आणि पब्लिशिंग पण कंबाइन म्युझिक, म्हणजे फॉस्टरच्याच घरची. मालक लोक सगळीकडे सारखेच.

माझे मामा नव्वदच्या दशकात गाणी लिहायचे, देवाची, लग्नाची, कोळीगीतं. एका कॅसेट कंपनीने स्टँपपेपरवर सही घेतली, एकरकमी पैसे हातावर ठेवले, संपलं. कॅसेट निघाली तर कव्हरवर गायकाचा फोटो, संगीतकाराचं नाव, कंपनीचं नाव, आणि मामांचं नावच नाही. मामी त्या कव्हरच्या आतल्या घडीत बोटाने शोधत बसली होती. ते गाणं आजही आमच्याकडे हळदीला वाजतं, डीजेवाला वाजवतो, लोक नाचतात, मामा कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकतात. कुणी विचारत नाही कुणी लिहिलं.

तिसरी घंटा:
गावठी, वाईट वाटलं वाचून. पण फॉस्टरची आणि त्या कंपनीची तुलना करू नका. फॉस्टरने क्रिसला लिहायला दिलं, आवाज खडबडीत असताना गायक म्हणून रेकॉर्ड काढली 1970 मध्ये, त्याआधी रॉय ऑर्बिसनला मोठं केलं. आणि तिकडे एकदा गाणं बाजारात आलं की कुणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शकतो, पण लेखकाचे ठरलेले पैसे द्यावेच लागतात. रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे लेखकाला आणि पब्लिशरला, गायकाला रेडिओ काहीच देत नाही. म्हणजे जॅनिसचा आवाज वाजतो आणि चेक येतो लेखकाकडे. आपल्याकडे बरोब्बर उलटं चाललं इतकी वर्षं.

स्पष्टवक्ता:
तिकडचा स्वर्ग दाखवू नका! गायक-गीतकार विली नेल्सनने आपलं 'फॅमिली बायबल' हे गाणं पन्नास डॉलरला विकून टाकलं, कारण घरात पैसे नव्हते. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे तो हक्काची भाषा करत नाही. क्रिसकडे निदान पायलटचं लायसन्स होतं, पडला असता तरी गादीवर पडला असता. माझा हाच मुद्दा आहे पहिल्यापासून, आणि तुम्ही सगळे मला गाण्याच्या चाली ऐकवताय.

टेक्सासची वैनी:
आवाज खाली घ्या थोडा. मी नॅशविलच्या ब्लूबर्ड कॅफेत बसून आलेय. एका साध्या दुकानांच्या रांगेतली छोटीशी जागा, मधोमध तीनचार गीतकार गोल करून बसतात, एक गातो, बाकीचे त्याच्या गाण्यावर गिटार धरतात. बोललात तर शेजारचे गप्प करतात. कोणत्या गायकाने प्रसिद्ध केलं हे शेवटी सांगतात, आधी मी लिहिलं हे सांगतात. माझ्या शेजारचे आजोबा गाणं लागलं की मला कोपराने ढोसून सांगायचे, हे याचं, हे याचं! शहराचा मान गीतकाराला आहे तो असा. आपल्या आकाशवाणीवर पण होता की, गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक, तिन्ही नावं. आता मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचं तोंड दिसतं फक्त.

गावठी गिटार:
हेच म्हणतोय मी!! कवीचं नाव घ्यायला जीभ झिजते का? आणि कायद्याचं म्हणाल तर 2012 ला सुधारणा झाली, जावेद अख्तर संसदेत भांडले त्यासाठी, आता गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला लिहून घेता येत नाही. मामांची सही त्याच्या कितीतरी आधीची. त्यांना कोण सांगणार?

रानवारा:
गावठी, तुमच्या मामांचं गाणं कुठलं ते टाका, आम्ही जिथे वाजेल तिथे नाव घेऊ, मनापासून सांगतोय. आता मूळ मुद्दा. ओळखी होत्या, होय, पण त्या ओळखींवर आलेल्या माणसाने पुढे काय केलं ते बघा ना. 1971, शिकागो. गायक स्टीव्ह गुडमन क्रिससोबत कार्यक्रम करत होता, गुडमन म्हणाला माझ्या मित्राला ऐका. मित्र म्हणजे गीतकार जॉन प्राइन, आधीचा पोस्टमन. हे लोक पोचेपर्यंत क्लब बंद व्हायला आलेला, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आणि प्राइनने तशा रिकाम्या खोलीत गायलं. क्रिसने त्याला नंतर न्यूयॉर्कला आपल्या स्टेजवर बोलावलं, समोर अटलांटिक रेकॉर्ड्सचे जेरी वेक्सलर बसलेले, दुसऱ्या दिवशी करार. पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवरचा मजकूर पण क्रिसने लिहून दिला. पोस्टमनकडे कुठली गादी होती हो स्पष्टवक्ता?

तिसरी घंटा:
आणि 1992 विसरू नका. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, डिलनच्या गौरवाचा कार्यक्रम, टीव्हीवर पोपचा फोटो फाडला म्हणून गायिका शिनेड ओकॉनरवर सभागृह हुर्यो करतंय. तिला स्टेजवरून खाली आणा असं क्रिसला सांगितलं होतं, आणि हा तिच्याजवळ जाऊन धीर देऊन आला, ती रडत खाली आली तेव्हा कवेत घेतलं. त्या रात्री तिच्या बाजूला उभं राहून याला काय मिळणार होतं?

स्पष्टवक्ता:
प्राइनचं मान्य. शिनेडचं पण मान्य, ती रात्र मी पाहिलीय व्हिडिओत, अंगावर काटा येतो. पण त्याने दुसऱ्यांना दार उघडलं म्हणून त्याला स्वतःला दार उघडं मिळालंच नाही असं होत नाही. तुम्ही "कष्टाने वर आला" लिहिणं बंद करा, मी "वशिल्याने" लिहिणं बंद करतो. त्याच्यापुढे एक इंच सरकणार नाही.

रानवारा:
इंचभर पुरे मला. "हिरो आधी, गाणी नंतर" एवढं मात्र पुसा, सिनेमात आला तेव्हा त्याची गाणी आधीच नंबर एकला जाऊन आली होती.

गावठी गिटार:
मामांना फोन केला आत्ता. गाण्याचं नाव टाकू का म्हटलं तर म्हणाले आधी स्टँपपेपर शोधतो, ट्रंकेत असेल. तो मिळाला की इथेच टाकतो, कायद्यातलं कळणारं कुणी असेल तर थांबा जरा.